दोन ते आठ

एकतीस वर्षं उपकेंद्रात मी थंडी सांभाळली.
दोन ते आठ अंश.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
लसीच्या फ्रीजचा काटा बघायचा,
तक्त्यात आकडा, पुढे सही: क. झाडे.
आडनाव झाडे, पण झाडांशी ओळख
निवृत्तीनंतरची.

घरी आलं ते एवढंच:
नारळ, साडी, एक थर्मामीटर,
आणि बिजागरी तुटलेला लसीचा निळा डबा,
जो कोणी परत मागितला नाही.

धामणखेडीत, मागच्या सांदवाडीत
डिसेंबरात भेदरं लावली.
चाळीस रोपं, पऱ्हाटीच्या काड्यांचा आधार.
थंडीनं पानं खालून जांभळी पडली.
एका पहाटे पारा नऊवर,
तेव्हा बाळंतिणीवर घालतात तशी
जुनी चादर घातली त्यांच्यावर.
मार्चात फळं आली. लाल, सालीला ताण,
पोट दाबून बघावंसं वाटे.

मग एप्रिल.
फूल येतं, पिवळं, खाली मान घालून.
त्याच्या देठात मध्येच एक सांधा असतो
बोटाच्या पेरासारखा.
फूल तिथेच सुटतं.
सुकलेलं नाही, किडलेलं नाही.
नुसतं सुटतं.

पाणी वाढवलं. शेणखत घातलं.
कोणीतरी सांगितलं म्हणून ताकही शिंपडलं.
कुंपणापलीकडून इंद्रकला कोटनाके म्हणाली,
"पान्यानं काय होते बाई? त्याईले रातचा ताप हाये.
दिवसाचं त कोनालेही सोसते."

रात्री दोनला उठले.
टॉर्च घेतला, तिसऱ्या ओळीत गेले,
तारेला टांगलेला थर्मामीटर वाचला.
एकोणतीस.
माती अजून तव्यासारखी.
दुपारचे त्रेचाळीस मी रोज लिहीत होते,
संध्याकाळचे एकोणचाळीस.
रात्रीचा रकानाच नव्हता माझ्या वहीत.

तिथेच, वाफ्याच्या कडेला बसून राहिले.

तक्त्यातही नव्हता.
सकाळ, संध्याकाळ, सही.
आणि वीज तर इथे रात्रीच जाते.
गेली असेल दहाला, आली असेल चारला,
आठपर्यंत काटा पुन्हा सहावर,
मी हिरव्या पट्ट्यात बघून पेन उघडायचे.
सगळं बरोबर होतं.
बुधवारी मांड्या पुढे करून आया बसायच्या.

कोणाला विचारणार आता.

इंद्रकलाच्या वाफ्यात ढेमसे मजेत आहेत,
चवळी कुंपण चढून माझ्याकडे आली आहे.
भेंडीला तर हे ऊन मानवतं,
एक दिवस तोडायची राहिली तर काडी होते.
माझा सांभार मार्चातच फुलावर गेला,
पालक कडवट होऊन उंच वाढला.
ज्याचं त्याचं दोन ते आठ वेगळं.

झाडावर उरलेली भेदरं
वाढली, पण लाल होईनात.
पिवळीच राहिली, कावीळ झाल्यासारखी.
उन्हात पिकतं असं मला वाटायचं;
उन्हातच रंग अडतो.
पंचवीस-तीस तोडली, निळ्या डब्यात ठेवली,
वर ओलं फडकं,
डबा रांजणाच्या तिवईखाली, ओलीला.
आत चोवीस.
पाचव्या दिवशी झाकण उघडलं
तर एक, दोन, मग सातआठ
लाल.
इंद्रकलाला दिली तर म्हणते,
"हे त इंजेक्शन घेऊन आले दिसतात व!"

हसले मी. जरा उशिरा हसले.

नवतपा लागला आहे.
झाडांवर हिरवी साडी बांधली, निरोपाला मिळालेली,
फळासाठी नाही, जीव धरावा म्हणून.
पाऊस सरता सरता नवी रोपं करीन.
वहीत तिसरा रकाना आखला आहे, जरा वाकडा.
दोनचा गजर लावते.
काल एकतीस,
आज तीस.
सही करत नाही.